घरबसल्या विमानविहार

गेल्या रविवारीं सकाळीं मी डहाणूवरून तीन हजार फूट उंचीनें दक्षिणेकडे गेलों. उजवीकडे समुद्र होता, डावीकडे दूरवर महालक्ष्मीच्या डोंगराचा सुळका, आणि कोपराजवळ चहाचा पेला निवत होता. श्रोतेहो, पेला खरा होता; विमान मात्र संगणकांतलें.

तीस वर्षें भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या माणसानें बागेंत लक्ष घालावें, अशी आमच्या घरीं अपेक्षा होती. मीं पडदा, विमानाची दांडी आणि पायांखालचीं पेडलें एवढें साहित्य जमविलें. "स्टेशनापर्यंत भाजी आणावयास तुमचे गुडघे दुखतात, आणि अहमदाबादेस बरे जाऊन येतां!" असें माजघरांतून अधूनमधून ऐकूं येतें. तें खोटें नाहीं. तरुणपणीं वैमानिक व्हावें असें मला फार वाटे; चष्म्याच्या नंबरानें ती गोष्ट तेथेंच राहिली.

हा खेळ अगदीं आजचा मात्र नव्हे. अमेरिकेंत एडविन लिंक नांवाच्या गृहस्थानें १९२९ सालीं एक बुटकें लांकडी विमान तयार केलें. त्याच्या वडिलांचा ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता, आणि ऑर्गनाच्या भात्यांच्या युक्तीनेंच हें विमान जागच्या जागीं डुले व वळे. दुसऱ्या महायुद्धांत हजारों वैमानिक त्या पेटींत बसून, बाहेरचें कांहीं न पाहतां, केवळ कांट्यांवर विसंबून उडावयास शिकले. १९७९ सालीं ब्रूस आर्टविक यानें घरगुती संगणकासाठीं तसेंच विमान रचलें. त्यांतली जमीन म्हणजे चार रेघा. मी वापरतों तें फ्लाइटगिअर होय. १९९७ च्या सुमारापासून देशोदेशींची हौशी मंडळी तें फावल्या वेळीं रचीत आलीं आहेत, आणि तें कोणासही फुकट मिळतें.

ह्या छंदाचें एक उपांग म्हणजे पडद्यावरचा देखावा टिपून स्नेह्यांस धाडणें. मुलें त्यास स्क्रीनशॉट म्हणतात. कोणी मावळतीचा उजेड लावतो, कोणी ढग आणतो, कोणी विमान हवेंतच थांबवून त्याच्याभोंवतीं हिंडतो व सोईचा कोन धरतो. चित्रें सुरेख होतात. पण मला तीं मेणाच्या फळांसारखीं वाटतात. घड्याळ न पळवितां, उडत जाऊन जें दिसलें त्याचेंच चित्र काढावें, असा माझा हट्ट आहे. त्या हट्टामुळेंच मी एकदां फजीत झालों.

माझा एक जुना विद्यार्थी तलासरीकडे एका पाड्यावर राहतो व जवळच शिक्षक आहे. विमानांत तो कधीं बसलेला नाहीं. त्यानें विचारलें, "गुरुजी, आमचें गांव वरून कसें दिसतें?" मीं म्हटलें, दाखवितों. सेसना १७२ घेऊन जुहूहून निघालों, किनाऱ्याकिनाऱ्यानें उत्तरेस आलों. डहाणूची खाडी आली, रेल्वेचें स्थानक मागें पडलें, आणि जमीन संपली. सरळ रेघेंत, विळीवर चिरल्यासारखी. घोलवडच्या चिकूच्या वाड्या नाहींत, बोर्डी नाहीं, झाई नाहीं, तलासरी नाहीं. क्षितिजापर्यंत निळें पाणी. मला मौज वाटली, आणि तेंच चित्र त्यास पाठवून दिलें.

मौजेचें कारण भूगोलाच्या मास्तरास ठाऊक असावयास हवें होतें. ह्या यंत्रांत पृथ्वीचे गठ्ठे बांधलेले असतात, दहा अंश लांब व दहा अंश रुंद. जो गठ्ठा आपण आणला नसेल, तेथें समुद्र दिसतो. विसावें उत्तर अक्षवृत्त डहाणू रोड स्थानकाच्या किंचित उत्तरेकडून जातें; त्यामुळें डहाणू पडलें गोवें आणि बंगळूर यांच्या गठ्ठ्यांत, तर कांहीं कोसांवरचें तलासरी अहमदाबाद, नागपूर व दिल्ली यांच्या. मजजवळ दक्षिणेकडचा एकच गठ्ठा होता.

संध्याकाळीं उत्तर आलें. "गुरुजी, आम्ही बुडालों कीं काय?" आणि खालीं आणखी एक ओळ : "नवल नाहीं. कागदावर आम्ही पुष्कळदां नसतोंच."

ती ओळ वाचून माझी मौज ओसरली. ज्या भागांतील झरी गांवीं २३ मे १९४५ रोजीं वारल्यांची परिषद भरली आणि वेठीस यापुढें जावयाचें नाहीं असें हजारों माणसांनीं ठरविलें, तो सारा भाग मीं हसत हसत पाण्याखालीं घालून त्याच भागांतल्या माणसाकडे पाठविला होता.

दुसरा गठ्ठा त्याच रात्रीं उतरवून घेतला. समुद्र हटला, डोंगर वर आले. डोंगरांची उंची बरीचशी बरोबर होती. कारण फेब्रुवारी २००० मध्यें एन्डेव्हर ह्या अवकाशयानानें अकरा दिवसांच्या सफरींत रडारनें पृथ्वीचा बहुतेक भूभाग मापला, आणि तींच मापें येथें वापरलीं आहेत. पण पाडा कोठें होता? शेताचा एकच फिकट रंग दूरवर पसरलेला. त्यांत ना पायवाट, ना घर. आकाशांतून जाणाऱ्या यानानें टेकडी टिपली होती. विहिरीवर जाणारी वाट कोणीं सांगितल्याखेरीज त्याला कशी कळावी?

मीं हें चित्रही पाठविलें, आणि जें दिसत नव्हतें तें लिहून कळविलें. तेव्हां त्यानें एका कागदावर पाडा काढून धाडला. वाट व शेतें वरून पाहिलेलीं, झोंपड्या, ताड आणि माणसें बाजूनें. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनीं जी वारली चित्रकला जगभर नेली, तिच्यांत असतात तशीं. माझ्या विमानाच्या खिडकींतून एका वेळीं एकच बाजू दिसते. त्या कागदावर दोन्ही होत्या. तो कागद मीं पडद्याशेजारीं डकविला आहे.

पुढचें काम आम्हीं दोघांनीं मिळून केलें. ओपनस्ट्रीटमॅप नांवाचा एक नकाशा आहे. २००४ सालीं तो इंग्लंडांत सुरू झाला, आणि त्यांत कोणीही आपल्या गांवची वाट भरूं शकतो. विमानांच्या देखाव्यांतील पुष्कळसे रस्ते त्यांतूनच येतात. माझा विद्यार्थी फोन हातांत धरून पाडाभर चालला, आणि वाट, विहीर, शाळा, घरें एकेक करून भरलीं. त्याच्या वर्गांतल्या मुलांना हें विमानापेक्षां अधिक आवडलें, असें तो म्हणतो. देखावा नव्यानें बांधला जाईपर्यंत पुष्कळ थांबावें लागलें. हौशी लोकांच्या कामांत घाई करून चालत नाहीं.

गेल्या रविवारचा प्रवास त्यासाठींच होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा पस मॉथ विमानांतून टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गें जुहूस उतरले. १९८२ सालीं, वयाच्या ७८ व्या वर्षीं, त्यांनीं तीच वाट पुन्हां उडून दाखविली. मीं त्यांतली अहमदाबाद ते जुहू एवढीच घेतली. पस मॉथ मजजवळ नाहीं. पण सेसनाचेही पंख त्याच्यासारखेच डोक्यावर असतात, म्हणून खालचा मुलूख नीट दिसतो. दोन तासांहून अधिक वेळ बसलों. दमण मागें पडल्यावर वाट सोडून थोडें पूर्वेस वळलों, आणि तलासरीच्या अलीकडे एक बारीक तपकिरी रेघ दिसली. चित्र टिपलें, पुन्हां किनारा धरला, डहाणू ओलांडलें, जुहूस उतरलों. उतरतांना चाक जरा आदळलें.

चित्र त्याला दुपारींच मिळालें. त्यानें तें वर्गांत दाखविलें. मुलांचें म्हणणें असें कीं, वाट बरोबर आहे, पण विहिरीपाशीं ती डावीकडे वळते, आणि चित्रांत सरळ गेली आहे. तें वळण ते ह्या आठवड्यांत दुरुस्त करणार आहेत.