विजेचा तंदूर आणि धुराची चव

विजेचा तंदूर उष्णता देतो.
धूर देत नाही.

नांदेड-लातूरकडच्या भरिताचा खमंगपणा
चुलीतल्या निखाऱ्यांचा असतो.
तंदुरात वांगं छान भाजतं,
पण धुराचा वास लागत नाही.

त्यासाठी धुंगार द्यावा.
भरिताच्या पातेल्यात स्टीलची वाटी ठेवावी.
वाटीत पेटता कोळसा,
त्यावर चमचाभर तूप,
आणि लगेच झाकण.
पाच मिनिटं पुरतात.
स्वयंपाकघराची खिडकी मात्र उघडी हवी.

म्हणजे धूर धुंगाराचा,
तंदुराची फक्त उष्णता.
तेव्हा ‘धुराची चव देणारा’ म्हणून
महागडा तंदूर घेण्यात अर्थ नाही.

घेताना आधी घरातला प्लग पाहावा.
मोठ्या तंदुराला गिझरसारखा,
16 अँपिअरचा प्लग लागतो.
अर्थिंग पक्कं हवं.
उष्णता कमी-जास्त करण्याची सोय हवी.
खालचा ट्रे बाहेर निघणारा असावा;
वांग्याचं पाणी तिथेच गळतं.