नदीकडे जाणारी वाट

(शेंद्रा येथे साक्षरता वर्गातील मंडळींपुढे केलेले भाषण)



आपल्या शेंद्र्यात औद्योगिक वसाहत झाली. कारखाने आले, रस्ते झाले, जमिनीला भाव आला. त्याबरोबर तारेची कुंपणेही आली. ज्याने जमीन घेतली त्याने ती राखावी, यात वावगे काही नाही. पण कुंपण घालताना कधी कधी जुनी पायवाटही आत जाते. समजा, एक माणूस जाळे घेऊन नदीवर निघाला आणि तारेपाशी अडला. मालक म्हणतो, "जमीन आमची, ओढाही आमचा. वाट बंद!" तो बिचारा परत फिरतो. ज्याला शेत नाही, त्याचे कालवण आणि चार पैसे ओढ्यानदीतूनच येतात. त्याने काय करावे?

आज आम्ही त्यावरच बोलणार आहोत. ओढा कुणाचा, वाट कुणाची आणि मासे कुणाचे? हे तीन प्रश्न वेगळे आहेत. त्यांची गल्लत झाली की भांडण होते.

आधी ओढा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 सालचा आहे. त्याचे कलम 20 सांगते की, नद्या, ओढे, नाले, तलाव आणि वाहते पाणी ही सरकारची मालमत्ता आहे. कुणाचा कायदेशीर हक्क शाबीत असेल तर गोष्ट वेगळी. पण दोन्ही काठांना शेत आहे, एवढ्यावर पात्र आपले होत नाही.

आता मासे. पाणी सरकारचे म्हणून कुठेही जाळे टाकावे, असे नाही बरं का! सरकारी तलावात मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेला दिलेला असतो. त्या संस्थेने पैसे भरलेले असतात. म्हणून आधी विचारावे, मग गळ टाकावा.

राहिली वाट. सगळ्यात अवघड तीच. अमेरिकेत मोंटाना नावाचे राज्य आहे. तिथल्या थंड नद्यांत ट्राउट नावाचा मासा मिळतो. काठची जमीन खासगी, म्हणून तिथेही वाद झाला. 1985 साली कायदा झाला. परवाना काढून नदीच्या पात्रात कुणीही मासे धरावेत. पण पात्रापर्यंत पोचायला दुसऱ्याचे शेत विनापरवानगी तुडवू नये. लोक सरकारी पुलाजवळून पात्रात उतरतात. म्हणजे पाणी खुले असले तरी वाट वेगळी शोधावी लागते.

आपल्याकडे ती वाट कुठे शोधायची? गावनकाशात. त्यात तुटक दुहेरी रेघ म्हणजे गाडीमार्ग आणि तुटक एकेरी रेघ म्हणजे पायमार्ग. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. ही नक्कल भूमी अभिलेख कार्यालयात मिळते. तुम्ही आता अक्षरे वाचता, तशाच या रेघाही वाचायला शिका. नकाशात नसलेली वाटही वर्षानुवर्षांच्या वहिवाटीची असू शकते. मग साक्षीदार लागतात.

वाट अडवली तर प्रथम मालकाशी बोला. नाही जमले तर तहसीलदाराकडे लेखी अर्ज करा. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 सालचा आहे. त्यात शेती, चराई, झाडे, पिके यांच्याबरोबर मासेमारीचेही नाव आहे, आणि तिथे जाणाऱ्या वहिवाटीच्या वाटांचेही. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज द्यावा लागतो. ही मुदत ध्यानात ठेवा. "बघू, दिवाळीनंतर जाऊ," म्हणता म्हणता सहा महिने निघून जातात. अर्जात गट नंबर, वाट कुठून कुठे जाते, ती कोणत्या तारखेला अडवली आणि साक्षीदार कोण, एवढे लिहा. पोच घ्यायला विसरू नका.

पाण्याच्या हक्कासाठी कागद आणि पाय, दोन्ही लागतात. महाडचे चवदार तळे आठवा. 1923 साली मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला. महाडच्या नगरपालिकेनेही 1924 साली तसाच ठराव केला. तरी तळ्यावर कुणी जाऊ शकत नव्हते. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. मग विरोधक कोर्टात गेले. तळे खासगी आहे, असे त्यांचे म्हणणे. हायकोर्टाचा निकाल लागला 1937 साली, आणि तो विरोधकांच्या विरुद्ध लागला. दहा वर्षे लागली, पण ते लोक मागे हटले नाहीत.

आता मालकाची बाजूही ऐका. त्याला भीती असते ती पीक तुडवण्याची, उघड्या राहिलेल्या फाटकातून गुरे शिरण्याची. ती खोटी नाही. म्हणून बांधाच्या कडेने चाला. फाटक लावून घ्या. बाटल्या, पिशव्या टाकू नका. पाण्यात विष कालवून किंवा सुरुंग लावून मासे मारू नका; त्याने पिलेही मरतात आणि पुढच्या साली जाळे रिकामे येते. एकाने केलेल्या नासधुशीने वाट सगळ्यांची बंद होते.

तेव्हा मंडळी, या आठवड्यात चौघांनी मिळून गावनकाशाची नक्कल आणा. ती या वर्गात भिंतीवर लावू. आपली नदी त्यात शोधू, आणि तिच्याकडे जाणारी प्रत्येक तुटक रेघ बोटाने दाखवून वाचू.