जुना लॅपटॉप, नवी प्रणाली
१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि ठरावीक प्रोसेसर लागतात, म्हणून कितीतरी धडधाकट लॅपटॉप बाद ठरले. ते भंगारात काढण्याआधी लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी प्रणाली जरूर वापरून पाहावी, लॅपटॉपच्या कंपनीने तिची हमी दिलेली नसली तरी. वाय-फाय चालेल का, ही शंका रास्त आहे. काही चिपना वेगळा ड्रायव्हर लागतोही. पण मिंट पेनड्राइव्हवरून, आतल्या डिस्कला हात न लावता सुरू होतं, त्यामुळे वाय-फाय, आवाज, कॅमेरा आधीच तपासता येतात. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलकही मिळतो. खरा धोका मिंट लॅपटॉपवर कायमचं बसवताना डिस्क पुसली जाण्याचा. फोटो आणि कागदपत्रांची प्रत आधी बाहेर काढून ठेवावीच. फक्त विंडोजवर चालणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर लागत असेल, तर दोन्ही प्रणाली शेजारी ठेवाव्यात आणि जुन्या विंडोजला इंटरनेट जोडू नये.