बोथट पटाशी हात कापते

खुरपणीवरून आला असाल, भाकरी थापत ऐकत असाल, तर हातातलं काम चालू ठेवूनच ऐका. आज बोलायचंय ते हातातल्या हत्याराबद्दलच. विळीची धार गेली की टोमॅटो चिरत नाही, चेंगरतो. मग आपण जोर लावतो, टोमॅटो निसटतो आणि बोट कापतं. धारदार विळीनं बोट कापल्याचं आठवतं का, की बोथट विळीनं? जरा आठवून बघा.

आता गोष्ट सांगते. आपल्या जिल्ह्यातल्याच एका गावातली आहे. गावाचं आणि शाळेचं नाव घेत नाही, कारण अशा शाळा पुष्कळ असतील.

मागच्या पावसाळ्यात गटाची बैठक होती. बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले. उठायच्या वेळी एक बाई म्हणाली, "ताई, माझी पोरगी आता त्या सुतारकामाच्या तासाला जायची नाही. बोटाला 3 टाके पडलेत." पोरगी आठवीत. लाकडात खाच पाडताना पटाशी घसरली आणि लाकूड धरलेल्या डाव्या हाताच्या अंगठ्यात घुसली.

लगेच बैठकीत सूर निघाला. "पोरींना कशाला सुतारकी? त्यापेक्षा शिवण शिकवा." खरं सांगते, मीही मान डोलावली. उद्या लग्नात कुणी विचारणार आहे का रंधा मारता येतो का म्हणून, असं मीसुद्धा बोलून गेले. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

पण त्या आईनंच पुढं विचारलं, "ही सुतारकी शाळेत आलीच कुठून?" उत्तर मला नीट देता आलं नाही, म्हणून मी माहिती काढली. ती तुम्हालाही सांगते.

मुलांनी हातानं काम करत शिकावं हा विचार आपल्याच मातीतला आहे. 1937 साली वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद घेतली. तिथून नई तालीम उभी राहिली, म्हणजे सूतकताई, शेती, सुतारकाम यांतून लिहिणं, मोजणं, विचार करणं शिकायचं. पुढं 1983 साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीतलं संशोधनाचं काम सोडून ते खेड्यात आले. त्यांच्या कामातून शाळांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय तयार झाला. आठवी ते दहावीची मुलं त्यात लाकूडकाम, लोखंडकाम, वीज, शेती, स्वयंपाक, आरोग्य हे सगळं हातानं करतात. पोरींना वेगळं आणि पोरांना वेगळं असं त्यात नाही. पोरगा भाकरी करायला शिकतो, पोरगी वेल्डिंग करायला शिकते. 2020 च्या नव्या शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी 10 दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडं शिकावं, असं म्हटलंय.

म्हणजे तास चुकीचा नव्हता. मग चुकलं काय?

ते बघायला मी त्या आईला घेऊन शाळेत गेले. येताना गावातल्या सुतारमामांनाही बोलावलं. सरांनी हत्यारांची पेटी उघडली. सर भले माणूस, पण विषय त्यांच्यावर आयता येऊन पडलेला. मामांनी एक पटाशी उचलली, लाकडाच्या कडेवर टेकवून ढकलली. लाकूड कापलं नाही, त्याचा भुगा झाला. मामा म्हणाले, "ताई, ही पटाशी न्हाई, हा डबा उघडायचा चमचा हाय. पोरीचा काय दोष?"

सर म्हणाले, "पण हत्यारं नवीनच आहेत." तेव्हा मामांनी सांगितलेली गोष्ट मला नवीन होती. दुकानातून आलेली नवी पटाशी बहुतेक वेळा कामाच्या धारेची नसतेच. कारखान्यात तिला नुसता आकार देतात. दगडावर घासून धार आपली आपण आणायची असते. त्या पेटीत दगडच नव्हता. वर्ष उलटलं तरी पेटीतल्या एकाही हत्याराला धार लागली नव्हती.

आता बघा काय होत होतं. बोथट पटाशी लाकडात शिरत नाही. मग सांगायचं, "जोर लाव." अंगानं दांडगी असलेली पोरं जोरावर कसंबसं काम उरकायची. बारीक अंगाची पोरगी सगळं वजन टाकायची, पटाशी घसरायची. मग सगळे म्हणायचे, पोरींना जमत नाही. 'नाचता येईना, अंगण वाकडं' अशी म्हण आहे. इथं पोरींना नाचता येत होतं, अंगणच वाकडं होतं.

हत्याराला धार असली की ताकद कमी लागते आणि हात ताब्यात राहतो.

मामांनी त्याच दिवशी धार लावून दाखवली. मी वहीत लिहून घेतलं. घरात विळी-खुरपं असलेल्या प्रत्येकीला त्यातलं काही ना काही कामाला येईल.

धारेचा दगड हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. एक बाजू खरबरीत, दुसरी गुळगुळीत असा घ्यावा. दगड ओल्या फडक्यावर ठेवायचा, म्हणजे सरकत नाही. वर पाणी शिंपडायचं. ज्या दगडावर एकदा तेल वापरलं, त्यावर पुढंही तेलच वापरायचं.

पटाशीच्या तोंडाची एक बाजू सपाट असते, दुसरीला उतार असतो. हा उतार दगडावर पूर्ण टेकवायचा. कोन साधारण 25 ते 30 अंश. मोजायला काही नसलं तर वहीच्या कागदाचा कोपरा 3 सारख्या घड्यांत दुमडा. एका घडीचा कोन 30 अंश होतो. पोरींना भूमितीचा हा धडा कायमचा लक्षात राहिला.

मग तोच कोन धरून पुढं-मागं घासायचं. मनगट हलवायचं नाही, नाहीतर धार गोल होते. दगडाची सगळी रुंदी वापरायची. एकाच जागी घासलं तर दगडाला खळगा पडतो. थोड्या वेळानं सपाट बाजूला, धारेपासून बाहेरच्या दिशेनं, हलकंच बोट ओढून बघा. बारीक खरखर लागेल. म्हणजे लोखंड धारेपर्यंत झिजलं. धारेच्या लांबीवर मात्र बोट कधीही फिरवायचं नाही.

आता दगडाच्या गुळगुळीत बाजूवर हेच करायचं. शेवटी पटाशी उलटी करून सपाट बाजू दगडावर पूर्ण आडवी ठेवायची आणि दोन-चार वेळा ओढायची. ती खरखर निघून जाते. जुन्या चामडी पट्ट्यावर धार उलट्या दिशेनं ओढली की आणखी चकाकी येते. उभा धरलेला कागद सरळ कापला गेला, तर धार लागली समजा.

यंत्राच्या फिरत्या दगडावर घाईनं धार लावू नका. ठिणग्या उडतात, टोक तापून निळं पडतं. टोक निळं पडलं की हत्याराचं पाणी उतरलं. मग कितीही धार लावा, टिकत नाही. यंत्र वापरावंच लागलं तर डोळ्याला चष्मा लावायचा आणि हत्यार घडीघडी पाण्यात बुडवायचं.

करवतीचं वेगळं आहे. तिचे दात तिकोनी कानशीनं एकेक करून घासायचे. कानस पुढं जातानाच कापते, मागं आणताना उचलून आणायची. करवतीचे दात एक डावीकडं, एक उजवीकडं असे फाकवलेले असतात. ते सरळ झाले की करवत लाकडात अडकते. हे काम पोरांनी करायचं नाही, जाणत्या सुताराकडून करून घ्यायचं.

रंधा ठेवताना आडवा ठेवायचा, पात्यावर उभा नाही. जुन्या फळीतले खिळे आधी काढायचे, एका खिळ्यानं सगळी धार जाते. पटाश्या पेटीत एकमेकींवर टाकायच्या नाहीत, फळीला खाचा करून वेगवेगळ्या लावायच्या. पावसाळ्यात मशीनच्या तेलाचं फडकं फिरवायचं.

आणि धार लागली म्हणून बेफिकीर व्हायचं नाही. लाकूड हातात धरायचं नाही, शिकंजात आवळायचं. दोन्ही हात धारेच्या मागं ठेवायचे. पटाशी हातातून पडली तर झेलायची नाही, पाय बाजूला घ्यायचा. हत्यार देताना मूठ समोरच्याकडं करायची.

यातलं घरी काय कामाचं? विळी दगडावर पाजवता येते. खुरप्याला कानस चालते. पण दातेरी विळा दगडावर घासू नका, दात जातील.

आता शाळेत काय ठरलं ते सांगते. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आम्ही तिघी-चौघी गेलो. शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या बाया असायला हव्यात. आपण नुसत्या सहीला जातो, ती गोष्ट वेगळी. या वेळी बोललो. ठराव झाला की धारेचा दगड घ्यायचा, शिकंजा घ्यायचा, तासाची पहिली 10 मिनिटं धार लावायची आणि धार नसलेलं हत्यार पोरांच्या हातात द्यायचं नाही. दर आठवड्याला दोघांची पाळी. एक पोरगा, एक पोरगी. मामा महिन्यातून एकदा येऊन बघतात.

त्या पोरीची आई लगेच तयार झाली नाही. टाके निघाले, जखम भरली, तरी महिनाभर तिनं पोरीला तासाला पाठवलं नाही. मीही आग्रह केला नाही. भीती तिची होती, पोरगी तिची होती. मग एक दिवस ती स्वतःच तासाला जाऊन मागं बसली. धार लावलेल्या पटाशीनं दुसऱ्या पोरी लाकडाची पातळ साल काढत होत्या, ते बघितलं. दुसऱ्या आठवड्यात पोरगी गेली.

सोयाबीनच्या काढणीआधी मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा पोरगी उंबऱ्यात बसून आईचं खुरपं कानशीनं घासत होती. आई म्हणाली, "ताई, दर साली लोहाराकडं खेटे घालायचे. औंदा घरातच झालं." अंगठ्यावर वण आहे, तो राहणार. पण हात थरथरत नव्हता.

बायांनो, तुमच्या गावच्या शाळेत असा तास असेल, तर एकदा जाऊन पेटी उघडायला लावा. पोरीला जमत नाही असं कुणी म्हणालं, तर आधी विचारा, "हत्याराला धार कधी लावली होती?" आणि आज भाजी चिरायच्या आधी आपली विळीही बघा.