गोळी मारणारा काऊन नाही पडत?



एक दृश्य डोळ्यांसमोर आणा. खलनायकाचा साथीदार खिडकीजवळ उभा आहे. नायक पिस्तूल रोखतो, एकच गोळी झाडतो आणि तो धिप्पाड माणूस हवेत उचलला जातो, मागची काच फोडून थेट खाली रस्त्यावर. सिनेमाचं नाव सांगायची गरज नाही. हिंदीत, तेलुगूत, इंग्रजीत हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणून तर पडदा नसतानाही रेडिओवरून ते तुम्हाला दिसलं.

मी नागपुरात भौतिकशास्त्र शिकवतो. संवेग अक्षय्यतेचा नियम शिकवायचा म्हणजे फळ्यावर दोन ठोकळे काढायचे, त्यांना वस्तुमान द्यायचं, वेग द्यायचा. मुलं निमूटपणे उतरवून घेतात. त्या ठोकळ्यांशी कुणाचंच काही देणंघेणं नसतं. एका तासाला मी ठोकळे काढलेच नाहीत, हे खिडकीचं दृश्य सांगितलं आणि विचारलं, यात खटकतं काय? मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, गोळीत येवढा जोर असन, तर मारनारा काऊन नाही पडत मांगं?”

न्यूटनचा तिसरा नियम याहून नेमक्या शब्दांत विचारता येणार नाही. गोळी ज्या जोराने पुढे जाते, तेवढाच धक्का झाडणाऱ्याच्या हाताला मागे बसतो. समोरचा उडत असेल तर नायकही उडायला हवा. तो तर केसही न विस्कटता उभा!

मग आम्ही आकडे मांडले. पिस्तुलाची गोळी साधारण 8 ग्रॅमची, वेग सेकंदाला 350 मीटर धरू. किलोग्रॅममध्ये वस्तुमान घेऊन वेगाने गुणलं की संवेग येतो 2.8. ती 70 किलोच्या माणसाच्या अंगात रुतली, तर त्याला मिळणारा वेग सेकंदाला फक्त 4 सेंटिमीटर. रांगणारं मूलसुद्धा याहून भरभर जातं. आता आपल्या उमेश यादवचा चेंडू घ्या. क्रिकेटचा चेंडू सुमारे 160 ग्रॅमचा, वेग ताशी 140 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला जवळपास 39 मीटर. संवेग येतो 6.2, गोळीच्या दुपटीहून जास्त! यष्टिरक्षकापर्यंत पोचेतो तो मंदावतो, तरी गोळीच्या पुढेच राहतो. जामठ्याच्या मैदानावर तो चेंडू झेलून यष्टिरक्षक काही सीमारेषेपलीकडे जाऊन पडत नाही.

इथे वर्गात पुढचा प्रश्न आपोआप आला. मग गोळीने माणूस मरतो कसा? हा प्रश्न विद्यार्थ्याने स्वतःहून विचारावा म्हणून शिक्षक वर्षानुवर्षं वाट पाहतो. संवेगात वेग एकदाच येतो, गतिज ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो. चेंडूची ऊर्जा भरते सुमारे 120 ज्यूल, गोळीची 490 ज्यूल. आणि ही सगळी ऊर्जा करंगळीच्या टोकाएवढ्या जागेत उतरते. गोळी माणसाला ढकलत नाही, भेदते. पडद्यावर जो उडतो त्याला कमरेला बांधलेल्या तारेने मागे खेचलेलं असतं. संवेग आणि ऊर्जा यांतला फरक मुलांच्या डोक्यात उतरवायला मला एरवी आठवडा लागतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की, लोकांना भौतिकशास्त्र शिकवायचं तर लोकांनी आधीच मन लावून पाहिलेलं जे आहे, तिथून सुरुवात करावी. सिनेमातल्या चुका काढून हसणाऱ्या चित्रफिती मोबाईलवर पुष्कळ फिरतात. त्या मला आवडत नाहीत. त्या ‘हे खोटं आहे’ एवढ्यावर थांबतात आणि प्रेक्षकाला मूर्ख ठरवतात. खोटं किती, दुप्पट की शंभरपट, आणि खरं असतं तर काय झालं असतं, हे मोजायला कुणी बसत नाही. दिग्दर्शकाने भौतिकशास्त्राची परीक्षा द्यावी असंही मला वाटत नाही. त्याने गोष्ट सांगावी. मोजण्याचं काम आमचं.

अमेरिकेत सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठात कोस्टास एफ्थिमिऊ आणि राल्फ लेवेलिन या दोन प्राध्यापकांनी 2002 साली हेच केलं. विज्ञान शाखेत नसलेल्या विद्यार्थ्यांचा भौतिकशास्त्राचा अभ्यासक्रम त्यांनी गाजलेल्या सिनेमांच्या प्रसंगांवर उभा केला. आपल्याकडे तर सिनेमाचं वेड त्यांच्याहून काकणभर जास्तच.

शेखर कपूर यांचा ‘मिस्टर इंडिया’ घ्या, 1987 सालचा. मनगटावरचं यंत्र दाबलं की अनिल कपूर अदृश्य होतो आणि लाल प्रकाशात मात्र दिसतो. अदृश्य व्हायचं म्हणजे प्रकाश अंगावर अडता कामा नये, वळताही कामा नये. हवेतून जावा तसा सरळ आरपार जायला हवा. बरं, आपल्याला दिसतं कसं? डोळ्यातल्या भिंगाने प्रकाश वळतो आणि दृष्टिपटलावर अडतो, तिथे शोषला जातो, म्हणून. ज्याच्या डोळ्यांतूनही प्रकाश आरपार जातो, त्याच्या दृष्टिपटलावर काहीच उमटणार नाही. मिस्टर इंडिया ठार आंधळा असेल! रशियन लेखक याकोव पेरेलमन यांनी शंभर वर्षांपूर्वीच एच. जी. वेल्सच्या अदृश्य माणसाबद्दल हा मुद्दा काढला होता. आणि लाल प्रकाशाचं काय? अंगातून लाल प्रकाशही जात असेल तर लाल दिव्याखालीसुद्धा तो दिसणार नाही. जात नसेल तर तो भर उन्हातही थोडा दिसेल, कारण उन्हात लाल रंग असतोच. दहावीचा प्रकाशाचा धडा या एका सिनेमावर अर्धाअधिक शिकवून होतो.

रेडिओवर बोलतोय तर आवाजाचंही सांगतो. सिनेमात दूर डोंगरावर स्फोट होतो आणि ज्वाळा दिसते त्याच क्षणी धडाका ऐकू येतो. प्रत्यक्षात आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. तेही हवामानावर अवलंबून. हवा तापली की आवाज भरभर धावतो. डिसेंबरच्या पहाटे आपल्याकडे पारा 10 अंशांवर असतो, तेव्हा आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 337 मीटर. मे महिन्यात 45 अंश झाले की तोच 358. 

हे सगळं परक्या मुलखातून आणायची गरज नाही, कारण आपल्या सिनेमाचा उगमच एका विज्ञानपटापाशी आहे. 1912 साली दादासाहेब फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन मुंबईला परतले. ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला 3 मे 1913 रोजी. त्याआधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली, ठरावीक अंतराने एकेक चौकट घेऊन. ती फीत पाहून पैसे देणाऱ्यांचा विश्वास बसला. समजा तासाला एक चौकट घेतली, तर महिन्याच्या झाल्या 720. सेकंदाला 16 चौकटींच्या वेगाने दाखवल्या की महिनाभराची वाढ 45 सेकंदांत डोळ्यांसमोरून जाते. काळ आखडता येतो, हे त्या वाटाण्याने दाखवलं. आज नायक संथ गतीने चालत येतो, तेव्हा तीच युक्ती उलटी फिरवलेली असते: चौकटी जास्त घ्यायच्या आणि नेहमीच्या वेगाने दाखवायच्या.

नागपुरात गांधीसागरजवळ रमण विज्ञान केंद्र आहे. राष्ट्रभाषा भवनात भरणाऱ्या अपूर्व विज्ञान मेळाव्यात महापालिकेच्या शाळांतली मुलं साध्यासुध्या वस्तूंतून प्रयोग करून दाखवतात आणि ते पाहायला आईवडीलही येतात. या दोन्ही ठिकाणी एका टेबलावर सिनेमाचे दोन-तीन प्रसंग आणि एक स्टॉपवॉच ठेवावं, अशी माझी मनापासून विनंती आहे. मुलंच येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून गणित करून घेतील.

तोवर घरीही करता येईल. टीव्हीवर मारधाडीचा सिनेमा लागला की नववी-दहावीच्या मुलाच्या हाती मोबाईलचं स्टॉपवॉच द्या. कुणी इमारतीवरून पडला की मजले मोजा, एक मजला तीन मीटर धरा. पाच मजली इमारतीच्या गच्चीवरून, म्हणजे 15 मीटरवरून, जमीन गाठायला 1.75 सेकंद लागतात. आपटताना वेग असतो ताशी 62 किलोमीटर. पडद्यावर दृश्य मधे कुठेही न कापता साडेतीन सेकंद चाललं, तर वेळ दुप्पट झाली. मग कॅमेरा सेकंदाला 24 ऐवजी 48 चौकटी घेत होता. वेळ साडेतीनच्याही पुढे गेली, तर चौकटी किती, हे त्या मुलालाच काढू द्या.