बांधकाम कामगार आणि त्याची संघटना



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे विद्वान बोलून गेले. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे काही वाचन झाले ते संध्याकाळी अंगावरचे सिमेंट धुऊन नगरवाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा भाषेचा डौल माझ्याकडून अपेक्षू नये. बांधकाम कामगाराने संघटनेत का यावे, हा विषय मला चालकांनी दिला. खरे पाहता हा विषय सकाळी मजूर अड्ड्यावर बोलायचा. इथे बसलेल्या मंडळींत थापी धरणारे फार थोडे असतील. परंतु घर बांधलेले, निदान मोरी दुरुस्त करून घेतलेले, पुष्कळ असतील. म्हणजे आपणांपैकी बहुतेक जण केव्हा ना केव्हा या मजुराचे मालक झालेले आहेत, आणि त्यांच्याही कानावर हे गेलेले बरे.

मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या आणि १८९० साली रविवारची सुटी पदरात पाडून घेतली, हे आपण वाचले असेल. त्यांच्या संस्थेला रीतसर सभासद नव्हते, वर्गणी नव्हती, घटनाही नव्हती. तरी काम झाले. याचे एक कारण असे की हजारो माणसे एका भोंग्यावर आत जात आणि एका भोंग्यावर बाहेर पडत. दरवाजावर उभे राहून हाक मारली की सारा कारखाना ऐकत असे. आमच्या धंद्यात भोंगा नाही आणि दरवाजाही नाही. बांधकाम कामगाराचा कारखाना तो स्वतःच पुरा करतो, आणि पुरा झाला की त्यातून बाहेर पडतो. आज सेंट्रिंगवाला एका गावात, सळई बांधणारा दुसऱ्या. बिगारी आठ दिवस या मुकादमाकडे, पुढचे आठ दिवस त्या मुकादमाकडे. नेमणुकीचे पत्र कोणाजवळ नाही. हजेरी असते ती मुकादमाच्या खिशातल्या डायरीत, आणि ती डायरी मुकादमाची असते.

साऱ्या गोष्टीचे मूळ या डायरीत आहे. कायदे नाहीत असे नाही. किमान वेतनाचा कायदा १९४८ चा, अपघाताच्या भरपाईचा १९२३ चा, बांधकाम कामगारांसाठी खास कायदा १९९६ चा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि हे कायदे त्यांत सामावले गेले. त्यांचा गाभा बहुतांशी राहिला आहे. परंतु कोणत्याही कचेरीत जा, साहेब पहिला प्रश्न एकच विचारतो: ‘तू तिथे काम करीत होतास याला पुरावा काय?’ तिथे आमचा माणूस गप्प होतो. ठेकेदार म्हणतो, ‘हा माणूस मी पाहिलेलाच नाही.’ मुकादम गावी गेलेला असतो. बरोबरचे मजूर दुसऱ्या कामावर पांगलेले असतात. सहा आठवड्यांची मजुरी बुडते ती कायदा नसल्यामुळे नव्हे, साक्षीदार नसल्यामुळे.

संघटनेचा पहिला फायदा मी हाच सांगतो. आमच्या सभासदाजवळ एक लहान वही असते. कोणत्या तारखेला, कोणाच्या कामावर, किती हजेरी, किती खर्ची हातात आली, एवढेच तीत लिहायचे. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी शेजारचा लिहितो आणि सही करतो. आठवड्याला एकदा कार्यकर्ता येऊन ती पाहतो. वही म्हणजे ताम्रपट नव्हे, हे मलाही कळते. परंतु एका कामावरच्या अकरा माणसांच्या वह्यांत एकच तारीख आणि एकच नाव निघाले की ठेकेदाराची विस्मृती बरीचशी कमी होते, असा आमचा अनुभव आहे.

बायकांच्या बाबतीत तर या वहीचे मोल अधिक. आमच्याकडे जोडीने काम घेण्याची रीत आहे. नवरा-बायको दोघे राबतात आणि जोडीचे पैसे नवऱ्याच्या हातावर पडतात. घमेली दिवसभर बाईने वाहिलेली, पण कागदावर तिचे नाव नाही. उद्या नवरा सोडून गेला किंवा दगावला, तर ती कधी कामावर होती हेच सिद्ध होत नाही. म्हणून तिची वही निराळी, तिची वर्गणी निराळी, असा आमचा नियम आहे. त्यावरून घरोघर भांडणे झाली. होऊ देत.

आता अपघाताकडे येतो. २०१९ सालच्या जून महिन्यात पुण्याच्या कोंढव्यात एका सोसायटीची भिंत रात्री कोसळली आणि तिच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्यांत झोपलेले १५ जीव गेले. त्यांत लहान मुलेही होती. असे मोठे अपघात वर्तमानपत्रात येतात. परांचीवरून एक माणूस पडतो त्याची बातमी होत नाही. तिथे काय घडते ते सांगतो. शवविच्छेदन चालू असते, गावाकडचे लोक बाहेर बसलेले असतात, आणि ठेकेदाराचा माणूस एक कागद आणि नोटांचे पुडके घेऊन येतो. ‘लाख रुपये घ्या, गाडी करून देतो, अंगठा करा.’ दुःखात माणसाला दुसरे सुचत नाही. अंगठा उठतो.

इथे बसलेल्या प्रत्येकाने हे नीट लक्षात ठेवावे, मग तो मालक असो वा मजूर. मृत्यूच्या प्रकरणात भरपाई वारसांच्या हातात परस्पर देता येत नाही. १९२३ च्या कायद्याप्रमाणे ती आयुक्ताकडे जमा करावी लागे. नव्या संहितेत सक्षम अधिकाऱ्याकडे. तीन महिन्यांच्या मजुरीइतकी आगाऊ रक्कम सोडली, तर बाहेर दिलेला पैसा भरपाई म्हणून धरला जात नाही. म्हणजे तो अंगठ्याचा कागद भरपाईच्या हक्काआड येऊ शकत नाही. आणि भरपाई किती? महिन्याच्या मजुरीच्या निम्मी रक्कम, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला एक आकडा. हिशेबात धरायच्या मजुरीची मर्यादा २०२० साली १५,००० रुपये केली गेली. ३० वर्षांच्या माणसाचा आकडा २०७.९८. तेव्हा साडेसात हजाराला त्याने गुणा: १५,५९,८५० रुपये होतात. दवाखान्याच्या पायरीवर एक लाख आणि कायद्याने साडेपंधरा लाख, एवढे हे अंतर आहे. मुकादम पळाला, ठेकेदार बुडाला, तरी ज्याने काम ठेक्याने दिले त्या मूळ मालकावरही जबाबदारी येते. अर्ज दोन वर्षांच्या आत करावा लागतो. हे सारे त्या घटकेला पायरीवर बसलेल्या बाईला कोण सांगणार? संघटनेचा माणूस तिथे तासाभरात पोहोचला पाहिजे, एवढ्यासाठीच मी आमच्या कार्यकर्त्यांना फोन बंद ठेवू देत नाही.

मला नेहमी विचारतात, ‘सरकारचे कल्याणकारी मंडळ आहे, कार्ड मिळते, मग संघटना हवी कशाला?’ मंडळ चांगले आहे. त्याचा इतिहास मात्र ठाऊक हवा. १९८२ च्या एशियाड खेळांसाठी दिल्लीत बांधकामे झाली. किमान वेतन दिवसाला ९ रुपये २५ पैसे होते. जमादार त्यातला एक रुपया कापून उरलेले हातावर ठेवीत. काही अभ्यासकांनी पाहणी केली, नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या एका संस्थेने न्यायमूर्ती भगवतींना पत्र लिहिले, आणि किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबविणे म्हणजे वेठबिगार होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्यानंतर न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या अध्यक्षतेखाली एक राष्ट्रीय समिती बांधकाम मजुरांच्या कायद्यासाठी झटू लागली. त्यांना हवे होते ते आपल्या माथाडी मंडळासारखे काहीतरी. महाराष्ट्राचा माथाडी कायदा १९६९ चा. त्यात मजुरीच मंडळामार्फत मिळते, म्हणून हजेरीचा प्रश्नच मिटतो. १९९६ साली जो कायदा मिळाला त्यात कल्याणाचा भाग आला, मजुरी आणि नेमणूक मंडळामार्फत व्हावी हा भाग गळाला. म्हणजे अर्धी भाकरी मिळाली.

तीही ताटात पडायला वेळ लागला. बांधकामाच्या खर्चावर शेकडा एक उपकर गोळा होत गेला, पण २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने हिशेब मांडला तेव्हा देशभर ३७,४०० कोटींहून अधिक जमा आणि खर्च सुमारे ९,५०० कोटी, असे निघाले. हे प्रकरण न्यायालयात लढविणारी तीच समिती होती. मुलांच्या शिष्यवृत्त्या, बाळंतपणाची मदत, मृत्यूनंतरचे साहाय्य या गोष्टी मंडळ देते; त्या मजुराच्या हक्काच्या आहेत. वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम, एवढीच मुख्य अट. पण ९० दिवसांचा दाखला कोण देणार? पुन्हा गाडी तिथेच येते: पुरावा काय?

या दाखल्यापायी दुसरा एक धंदा उभा राहिला आहे, तोही सांगितला पाहिजे. फॉर्म भरून देण्याचे हजार-दोन हजार घेणारे दलाल झाले, आणि त्यांतल्या काहींनी दारावर ‘कामगार संघटना’ अशी पाटी लावली. कधी विटेला हात न लावलेल्यांना त्यांनी कार्डे काढून दिली. भांड्यांचा संच आला की रांग, संच मिळाला की पांगापांग. मजुरी बुडाल्यावर हे गृहस्थ कामावर येऊन उभे राहत नाहीत. कार्ड काढून देणे हे संघटनेचे काम आहेच, पण तेवढेच करणारी ती संघटना नव्हे, दुकान होय. पारख सोपी आहे. ‘हिशेबाची वही दाखवा,’ असे म्हणावे. नोंदलेल्या संघटनेचे हिशेब पाहण्याचा सभासदाला हक्क आहे, तो १९२६ पासूनचा आहे. दाखविली तर बसावे, नाही तर उठून यावे.

वर्गणीचे विचाराल तर २००१ च्या दुरुस्तीने असंघटित क्षेत्रातल्या सभासदाची किमान वर्गणी वर्षाला ३ रुपये ठरविली होती. तीन रुपयांत अर्धा चहाही येत नाही. आम्ही महिन्याला त्याहून जास्त घेतो आणि पावती देतो. राजकारणाच्या फंडाला पैसे देण्याची सक्ती कोणावर करता येत नाही, दिले नाहीत म्हणून काढूनही टाकता येत नाही. ‘संघटना म्हणजे संप’ ही समजूत गिरण्यांच्या काळची. ज्याचे पोट रोजच्या हजेरीवर आहे तो संप कशाला करील? आमचे बहुतेक तंटे ठेकेदाराच्या ओट्यावर, वह्या समोर ठेवून मिटतात.

खरा अवघड प्रश्न निराळाच आहे. ‘संघटनेचा बिल्ला दिसला की मुकादम उद्या अड्ड्यावरून मला उचलणार नाही,’ असे मजूर म्हणतो. ही भीती खोटी आहे असे मी कधीही म्हणत नाही. एकट्या माणसाला तसे वगळतातच. पण अड्ड्यावर गवंडी दहा आणि त्यांतले आठ सभासद असले, तर मुकादम कोणाला वगळणार? उचल न घेता निघून जाणारा नाही, काम अर्धवट टाकणारा नाही, असा माणूस ठेकेदारालाही हवा असतो. आणि दूरच्या प्रांतातून आलेल्या मजुराला बाहेर ठेवून हे साधत नाही. तो स्वस्तात राबतो म्हणून आमचे काही लोक त्याच्यावर चिडतात. परंतु त्याला किमान वेतन मिळाले की तो स्वस्त राहत नाही. त्याची वही हिंदीत लिहिली तरी आकडे तेच.

आता घरमालकांसाठी थोडेसे, म्हणजे वेळ संपेल. ठेकेदाराशी करार करताना मजुरांच्या नावांची यादी आणि हजेरी मागून घ्या. मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे, आणि अपघात झालाच तर तुमच्याही उपयोगी पडेल. परांची बांधलेली आहे का, वर चढणाऱ्याच्या कमरेला पट्टा आहे का, हे पाहायला इंजिनिअर असावे लागत नाही. काम संपल्यावर गवंडी किंवा बिगारीण दाखल्यावर सही मागायला आली, तर तिला चार खेपा घालायला लावू नका. तारखा खऱ्या घाला आणि सही करा. कोऱ्या दाखल्यावर सही मागायला कोणी आले, तर तो आमच्या संघटनेचे नाव सांगत असला तरी देऊ नका. त्याला अड्ड्यावर पाठवून द्या. अड्डा सकाळी सात ते नऊ भरतो, आमचा माणूस तिथे वह्या घेऊन बसलेला असतो.