व्यसनी माणूस : आरोपी की रुग्ण?



फेब्रुवारी २०२५ मध्ये तुळजापूर तालुक्यात तामलवाडी पोलिसांनी मेफेड्रॉन हा अमली पदार्थ पकडला. तपास वाढत गेला, आरोपींची संख्या तिसांच्या पुढे गेली. त्यांत तुळजाभवानी मंदिरातील काही पुजाऱ्यांची नावे आल्यामुळे धाराशिव जिल्ह्याची चर्चा महाराष्ट्रभर झाली. देवीच्या गावाला बट्टा लागला, असा आक्रोशही झाला. आरोपींचा निवाडा न्यायालय करील. मला बोलायचे आहे ते या गदारोळात माजघरात दडवल्या गेलेल्या, व्यसनाच्या आहारी गेलेल्या आपल्या मुलांविषयी.

बाजारात ज्याला ‘एमडी’ म्हणतात ते मेफेड्रॉन शेतात पिकत नाही. ते रसायनांपासून बनते. मेंदूतील डोपामिन व सेरोटोनिन ही द्रव्ये ते एकदम वाढवते. उल्हास वाटतो, झोप आणि भूक हरपते. काही तासांत अंमल ओसरतो, मन खचते आणि हात पुन्हा पुडीकडे वळतो. पुढे संशय येतो, भ्रम होतात. गर्दच्या व्यसनात पर्यायी औषधांचा आधार तरी असतो. मेफेड्रॉनसाठी असे मान्यताप्राप्त औषध नाही. समुपदेशन आणि माणसांची दीर्घ सोबत यांवरच सारी भिस्त.

अमली पदार्थांविषयीचा १९८५ चा कायदा कठोर आहे आणि २०१५ पासून मेफेड्रॉन त्याच्या कक्षेत आहे. परंतु याच कायद्यात कलम ६४ अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने सरकारी अथवा सरकारमान्य रुग्णालयात उपचार घेईल, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडल्यास मात्र हे संरक्षण काढून घेता येते. म्हणजे विक्रेता आणि रुग्ण यांत कायद्याने भेद केला आहे. तो किती घरांना ठाऊक आहे? आणि ठाऊक झाला, तरी ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाने मुलाला न्यायचे कोठे? रुग्णालय आवाक्यात नसेल, तर हे संरक्षण कागदावरच राहते. श्रीमंताच्या मुलाला उपचार आणि गरिबाच्या मुलाला कोठडी, ही विषमता अशीच जन्मते.

१९८६ साली सुनंदा व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे केले आणि व्यसन हा आजार आहे हे महाराष्ट्राला पटवून दिले. ते पुणे तुळजापुरापासून अडीचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. जिल्ह्यातील प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात व्यसनमुक्तीचा विभाग असावा, तेथे समुपदेशक नेमलेला असावा, आणि कलम ६४ अ चा मराठी मजकूर पोलीस ठाण्याच्या व रुग्णालयाच्या दर्शनी भिंतीवर लावावा. पुरवठादारांवर कायद्याचा पुरा अंमल व्हावा, याविषयी दुमत नाही. मात्र आजारी मुलाला दवाखान्यात नेताना आईला पोलिसांची भीती वाटू नये, इतके तरी आपण या जिल्ह्यात साध्य केले पाहिजे.